एफवायला आहे, रिसर्च करायचाय, सुरुवात कुठून करू?

सड्यावरची
नमस्कार सगळ्यांना. मी रत्नागिरीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढे बॉटनीच घ्यायचंय. गाव पावसच्या पुढे, रोज एसटीने येजा करते. बारावीत असताना एका मॅडमचं व्याख्यान ऐकलं होतं तेव्हापासून मनात आहे की आपण रिसर्च करायचा. पण कॉलेज सुरू होऊन महिना झाला आणि इथे कोणी तो शब्दच काढत नाही, प्रॅक्टिकलला जे जर्नलमध्ये लिहिलंय तेच करायचं, उत्तर आधीच माहीत असतं, आणि नाही आलं तर शेजारणीचं बघून लिहायचं.

मी नेटवर शोधून पुण्या-मुंबईच्या २२ प्राध्यापकांना मेल केले. एकांचं उत्तर आलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना घेत नाही म्हणून. बाकी काहीच नाही. एक सीनियर म्हणाली एमएस्सी झाल्यावर बघ, आत्ता अभ्यास कर. खरंच तीन-चार वर्षं थांबायचं का? की आत्ता काही करता येतं? लॅब नाही, ओळख नाही, आणि साडेचारला प्रॅक्टिकल सुटल्यावर गाडी चुकली की पुढची थेट सातला. कोणी अनुभव सांगेल का प्लीज.

पिपेटवाला
थांबायचं अजिबात नाही. मी पुण्यात पीएचडी करतोय, बायोलॉजीच. तुझ्या २२ मेलचं काय झालं असणार ते सांगतो कारण आमच्या सरांचा इनबॉक्स अधूनमधून मीच बघतो. रोज मेल येतात, ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग अँड पॅशनेट स्टुडंट, आय वॉन्ट टू वर्क इन युवर एस्टीम्ड लॅब’. त्यात सरांचं काम काय आहे याबद्दल एक ओळ नसते, म्हणजे तोच मेल केमिस्ट्रीवाल्यालाही गेलेला असतो. वाईट हेतूने कोणी डिलीट करत नाही गं, पण त्याला उत्तर काय द्यायचं हेच कळत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीचा मेल आला होता, सांगलीकडची, एसवायची. पाच ओळी. तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातली तिसरी आकृती मला कळली नाही, तिथे कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्यात, साखर का नाही घातली? सर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, बघ, हिने वाचलाय. तिला लगेच उत्तर गेलं आणि मे महिन्यात ती सहा आठवडे आमच्याकडे होती. मार्क विशेष नव्हते तिचे.

म्हणून २२ जणांना नको, तिघांना लिही. त्याआधी प्रत्येकाचा एक पेपर नीट वाच, सगळा नाही कळणार, मलाही नाही कळत. सारांश, आकृत्या आणि शेवटची चर्चा एवढं वाच. वाचायची सवय नसेल तर रेझोनन्स मासिकापासून सुरुवात कर, बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं आहे, १९९६ पासून निघतंय, बीएस्सीच्याच मुलांसाठी लिहिलेलं असतं आणि साइटवर फुकट वाचता येतं. आणि मेल एप्रिलमध्ये करू नकोस, तोपर्यंत उन्हाळ्याच्या जागा ठरलेल्या असतात. दिवाळीच्या आसपास लिही.

घाटमाथा
पिपेटवाला +१. मी टीवायला आहे, कोल्हापूरकडे, कॉलेज साधंच आहे. तुझ्यासारखंच वाटायचं की रिसर्च म्हणजे मोठ्या मशीन. मग एसवायला आविष्कारमध्ये भाग घेतला. ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा असते, महाराष्ट्रातली सगळी विद्यापीठं, आधी कॉलेज-जिल्हा पातळीवर पोस्टर, मग विद्यापीठ, मग राज्य. पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो त्यामुळे एमएस्सीवाल्यांशी टक्कर नसते. कॉलेजमध्ये आविष्कारचे एक समन्वयक सर किंवा मॅडम असतातच, नोटीस बोर्डवर नाव असतं, त्यांना आजच गाठ.

माझा विषय होता हायवेकडच्या झाडांच्या पानांवर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, कमी-जास्त असतात का. सामान काय, पारदर्शक नेलपेंट आणि सेलोटेप. पानाच्या खालच्या बाजूला नेलपेंटचा पातळ थर द्यायचा, पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, टेप चिकटवून अलगद ओढायचा की पानाचा ठसा निघून येतो, तो स्लाइडवर लावून मायक्रोस्कोपखाली मोजायचं. पहिल्यांदा ती रंध्रं ओळीने दिसली ना, एवढाली ओठांसारखी, मी बाकीच्यांना ओढून आणून दाखवली होती.

१२० पानं मोजली, फरक पण आला, खूश होतो. आणि पोस्टरसमोर परीक्षक मॅडमनी एकच विचारलं, पानं झाडाच्या कुठल्या बाजूची घेतलीस? मी हायवेची पानं बाहेरच्या उन्हातल्या फांद्यांची घेतली होती आणि गावातली खालच्या सावलीतली, हाताला येतील ती. उन्हातल्या पानावर रंध्रं तशीही जास्त असतात. म्हणजे मी हायवे मोजलाच नव्हता, ऊन मोजलं होतं. नंबर नाही आला. पण दोन वर्षांच्या लेक्चरमध्ये जे कळलं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत कळलं, मी परत सगळं केलं ऊन-सावली धरून, आणि आता त्याच मॅडम मला एमएस्सीसाठी शिफारसपत्र देतायत.

वनस्पतीवाल्या बाई
मी ३१ वर्षं पदवीला बॉटनी शिकवलं, आता निवृत्त आहे. सड्यावरची, बाळा, तू नाव काय घेतलंयस ते बघ आधी. तुझ्या घरामागे सडा आहे ना? कोकणातले हे कातळसडे, जांभ्या दगडाचे उघडे माळ, बघायला लोक परदेशातून येतात आणि तू २२ जणांना लिहितेस की मला लॅब द्या.

जुलै चालू आहे. सड्यावर आत्ता काय फुललंय ते मला इथे लिही बरं, नावं येत नसतील तर वर्णन कर.

आणि एक सांगते. पुण्यात गरवारे कॉलेजला मिलिंद वाटवे मायक्रोबायोलॉजी शिकवायचे. पदवीच्या मुलांना घेऊन त्यांनी वेड्या राघूवर काम केलं. हा पक्षी मातीच्या कड्यात बीळ करून घरटं करतो. तोंडात किडा घेऊन आला आणि माणूस अशा जागी उभा असला की जिथून बीळ दिसतं, तर तो आत जात नाही, थांबून राहतो. माणूस तेवढ्याच अंतरावर पण जिथून बीळ दिसत नाही अशा जागी असला तर जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज पक्ष्याला येतो का, हा प्रश्न. यंत्र कुठलं लागलं? तासन्‌तास उभं राहणं आणि टिपणं ठेवणं. २००२ साली ॲनिमल कॉग्निशन या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये तो पेपर आला, विद्यार्थ्यांच्या नावांसकट. मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना हे सांगायचे.

सड्यावरची
बाई, तुमचा मेसेज वाचून मी काल संध्याकाळी छत्री घेऊन वर गेले. आईला वाटलं गुरं आणायला चाललेय. गवतात एक पांढरं लांब फूल आहे, कांद्यासारखा कंद, पातळ पात्या, एका दांड्यावर पाच-सहा फुलं. पाऊस लागला की येतं आणि मग दिसेनासं होतं. लहानपणापासून बघतेय, नाव कोणालाच माहीत नाही. आणि पाणी साठतं तिथे टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी गोल फुलं यायला लागलीत, भरपूर. जांभळी अजून नाहीत, ती गणपतीच्या सुमारास येतात.

वनस्पतीवाल्या बाई
पांढरं लांब फूल म्हणजे बहुतेक दीपकाडी. डिपकॅडी कोंकनेन्स. तुझ्या घरामागचं ते फूल जगात फक्त कोकणाच्या आसपास मिळतं! कंद उपटू नकोस, कोणाला उपटू देऊ नकोस, आणि नेमकी जागा इथे किंवा इन्स्टावर लिहू नकोस. फोटो काढ, पूर्ण झाड, फूल जवळून, पान जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. गोल टाचण्या म्हणजे गेंद, आणि जांभळी ती सीतेची आसवं. ती कीटकभक्षी आहे हे माहीत आहे का? मातीतल्या मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. कातळावरच्या त्या बोटभर मातीत नायट्रोजन जवळपास नसतोच, म्हणून झाडाने ही सोय केलीय.

आता काम. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, प्रत्येक एक मीटर, आणि चार कोपरे. चौकट झाली. त्यावर दर १० सेंटिमीटरला सुतळी बांध, आडवी आणि उभी, म्हणजे १०० घरं होतील. चौकट जमिनीवर ठेव आणि गेंद किती घरांत आहे ते मोज, एकेक फूल मोजत बसू नकोस, वेडी होशील. पण चौकट कुठे ठेवायची ते डोळ्याने ठरवायचं नाही, डोळे सुंदर जागीच जातात. मोबाइलवर आकडा काढ, तेवढी पावलं चाल, जिथे पोचशील तिथे ठेव, चिखल असला तरी. दर आठवड्याला, त्याच वारी.

आणि तुझ्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांकडे जा. दारात उभं राहून ‘रिसर्च करायचाय’ म्हणू नकोस. वही घेऊन जा आणि म्हण, सर हे मोजलंय, पुढे काय करू. गावातल्या कॉलेजचे शिक्षक उदासीन असतात असं मुलांना वाटतं, पण आमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी वही घेऊन येत नाही हेही तेवढंच खरं आहे.

पिपेटवाला
बाई, हे मी सेव्ह करून ठेवतोय.

पोरीचा बाबा
माझी मुलगी पण यंदा एफवायला, नाशिकला. तिला एका कंपनीचा मेसेज आलाय, ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप, चार आठवडे, ६,००० रुपये, शेवटी सर्टिफिकेट आणि इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर. द्यावे का पैसे? पुढे परदेशी जायचं तर उपयोग होतो म्हणतात.

घाटमाथा
काका नका देऊ. माझ्या मित्राने दिले होते असेच. त्यांनी व्हिडिओ पाठवले, शेवटी दुसऱ्याच कोणाचा मजकूर फिरवून याच्या नावाने पेपर छापला, त्याला त्यातलं एक वाक्य सांगता येत नव्हतं. इंटरव्ह्यूत विचारल्यावर रडायला आला तो.

पिपेटवाला
काका, साधा नियम ठेवा. खऱ्या ठिकाणी निवड झाली की मुलांना स्टायपेंड देतात, निदान मुलांकडून घेत तरी नाहीत. तीन विज्ञान अकादमी मिळून, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, स्टायपेंड आणि प्रवासखर्च असतो. अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटाकडे निघतात, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि स्वतः लिहिलेला एक छोटा मजकूर लागतो. कुठल्या वर्षाची मुलं चालतात ते जाहिरातीत बघून घ्या.

आणि मुलगी बारावीला बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात असेल आणि शुद्ध विज्ञानाला असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. मला होती, वर्षाला ८०,००० त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी ते प्रोजेक्ट नुसतं सही-शिक्क्यापुरतं केलं, मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण हातात पैसे, वेळ आणि मार्गदर्शकाकडे जायचं कारण, तिन्ही होतं.

खोडद रिटर्न
फिजिक्सवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन आहे, त्यांचा एनआययूएस म्हणून कार्यक्रम आहे खास बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी, शिबिराला बोलावतात आणि पुढे काही मुलांना लांबचं प्रोजेक्ट मिळतं. हे नाव एफवायलाच माहीत असायला हवं, मला टीवायला कळलं तोवर उशीर झाला होता. गणितवाल्यांसाठी एमटीटीएस नावाचं प्रशिक्षण शिबिर, १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात चार आठवडे, तिथे पाठांतर करणाऱ्याला पहिल्याच दिवशी घाम फुटतो.

मी नारायणगावचा. खोडदची जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण, आमच्या शेतातून दिसते, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात. आठवीत गेलो होतो आणि एका इंजिनियरला विचारलं होतं की ही जाळी आहे, मधे भोकं आहेत, मग लहरी निसटत नाहीत का. त्यांनी खाली वाकून काडीने मातीत काढून दाखवलं, लहर भोकापेक्षा खूप लांब असली की तिला ती भोकं कळतच नाहीत. तिथून माझं फिजिक्स सुरू झालं.

मोडीप्रेमी
आर्ट्सची मुलं पण आहोत इथे. मी एसवाय इतिहास, धुळे. रिसर्च म्हटलं की सगळे सायन्सच बोलतात पण आमच्याकडे तर न वाचलेले कागद पडून आहेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि वाचणारे थोडे. मी एफवायच्या सुट्टीत मोडीचा वर्ग केला, आता आमच्या इथल्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसते. आधी एका ओळीला अर्धा तास लागायचा. सड्यावरची, तुमच्याकडे कातळशिल्पं पण आहेत ना, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत ती. तुझ्या कॉलेजमधल्या इतिहासाच्या कोणाला सोबत घे, सडा एकच आहे.

आविष्कारमध्ये मानव्यविद्या-भाषा-कला असा गट असतो, हे पण कोणी सांगत नाही.

दूरदेशी
मूळची कुडाळची, अमेरिकेत एका राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. इथे पदवीच्या मुलांनी लॅबमध्ये काम करणं ही रोजची गोष्ट आहे, एमआयटीने १९६९ मध्ये त्यासाठी वेगळा कार्यक्रम काढला, यूरॉप म्हणतात. पण इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उन्हाळ्यातल्या आरईयू नावाच्या सरकारी जागा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना असतात. मी पहिल्या वर्षी असे नऊ अर्ज भरले आणि नंतर कळलं की मी पात्रच नव्हते. आपल्याला जे मिळतं ते आपल्याच विद्यापीठात, प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला जाऊन.

मी सलग सहा आठवडे एका मॅडमच्या ऑफिस अवरला गेले, दर वेळी त्या दिवशीच्या लेक्चरमधला एक प्रश्न घेऊन. सातव्या आठवड्यात त्यांनीच विचारलं लॅबमध्ये येतेस का. पहिलं सेमिस्टर भांडी धुणं आणि माश्यांचं खाद्य शिजवणं, फळमाश्या, मक्याचं पीठ आणि यीस्ट. खाद्य नीट नाही झालं तर सगळ्यांचे प्रयोग बसतात, त्यामुळे मला ते हलकं काम कधी वाटलं नाही.

सड्यावरची
सॉरी, मधे इंटर्नल होत्या. अपडेट देते.

चौकट केली. पाइप बाबांनी बागेतल्या उरलेल्या दिल्या. मी बॉटनीच्या सरांकडे वही घेऊन गेले, ते आधी म्हणाले सिलॅबसमध्ये नाहीये, मग वही उघडली आणि दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले दीपकाडीचा फोटो परत दाखव. आता दर बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे जाते. त्यांनीच सांगितलं की चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, म्हणजे मोजणी करताना अभ्यास सोडायचा नाही.

मी काय तुलना केली ते सांगते. आमच्या शेजारच्यांनी कलमं लावायला सड्याला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलाय, आत अजून बरीच जागा मोकळी आहे. आत गुरं येत नाहीत, बाहेर चरतात. मला वाटलं आत फुलं जास्त असणार, कोणी तुडवत नाही म्हणून. आत १० चौकटी, बाहेर १०. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाहेर गेंद सरासरी ६१ घरांत आणि आत फक्त २३! उलटंच. आत गवत कमरेपर्यंत वाढलंय आणि खाली काही दिसतच नाही. म्हणजे गुरं चरतात म्हणून गेंद टिकतो असं लिहू का आविष्कारला?

घाटमाथा
अगं थांब. पानांची आठवण ठेव माझ्या. गुरं सोडून आतबाहेर अजून काय वेगळं आहे?

वनस्पतीवाल्या बाई
तेच विचारते. कलमं लावायला लोक सड्यावर माती आणून टाकतात. आत माती किती खोल आहे? विणकामाची सुई घे, कातळाला लागेपर्यंत खुपस, बोटाने खूण कर आणि मोज. प्रत्येक चौकटीत पाच ठिकाणी.

सड्यावरची
मोजलं. आजीची सुई नेली. बाहेर बहुतेक ठिकाणी २ ते ४ सेंटिमीटर, आत ९, ११, एका ठिकाणी सुई पूर्ण गेली. म्हणजे गवत गुरं नाहीत म्हणून वाढलं की माती खोल म्हणून, मला सांगता येत नाही. खूप वाईट वाटलं आधी, सहा आठवडे मोजलं होतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले मग गडग्याच्या आत पण माती न टाकलेली जागा शोध, पातळ मातीची, कोपऱ्यात असेल.

आहे. दोन ठिकाणी आहे, उत्तरेच्या बाजूला, तिथे कलमांच्या खड्ड्यांसाठी अजून सुरुंग लावला नाहीये. शेजारच्या काकांना विचारलंय, ते म्हणाले मार्चपर्यंत काही करत नाही, मोज तू.

वनस्पतीवाल्या बाई
शाब्बास. त्या दोन जागांचे फोटो आजच काढून ठेव, चारही बाजूंनी, तारखेसकट. आणि सीतेची आसवं आली असतील आता, तीही त्याच चौकटीत मोज, वेगळ्या रकान्यात.

पिपेटवाला
आणि हे सगळं, चुकलेलं धरून, एका पानावर इंग्रजीत लिही. दिवाळीत तिघांना मेल करशील ना, तेव्हा तेच पान जोड. ड्राफ्ट मला पाठव, मी बघतो.

सड्यावरची
हो दादा, पाठवते. आसवं आलीत, काल आतल्या कोपऱ्यात ४० घरांत होती, सगळा कोपरा जांभळा दिसत होता. शनिवारी सर स्वतः येणारेत सडा बघायला, सोबत टीवायच्या दोन ताई पण. सकाळच्या गाडीने येतायत, मी पावसच्या स्टँडवर थांबणारे. सर म्हणाले अजून एक चौकट करून ठेव, तिघं मिळून मोजू म्हणजे दुपारपर्यंत होईल, तर आज कोपरे आणायला चाललेय.